अंग चोरण्यापुरती जागा

माझ्या नणंदेला सगळे वीतबाई म्हणतात. हे नाव तिला सुतारांनी दिलं, अर्थात पाठीमागे. तिला कळलं तेव्हा ती रागावली नाही. उलट दारावर तशी पाटी लावायचं तेवढं बाकी ठेवलं.

लोकांची घरं, दुकानं, दवाखाने आतून सजवून देणं हा तिचा धंदा. मोजायची टेप पिशवीत असायची, पण ती सुतारांसाठी. स्वतः ती वितीने, हाताने, कोपराने, पावलाने मोजायची. खिडकीची कड कोपराला लागली पाहिजे, फळी बोटांच्या टोकाला, पायरी पोटरीच्या मध्यावर.

"टेप भिंतीचं माप सांगते गं वहिनी. माणसाचं नाही सांगत."

असली वाक्यं ऐकली की गिऱ्हाइकं माना डोलवायची. मी तर्कशास्त्र घेऊन पदवी मिळवलेली बाई, मला ती पचत नाहीत. पण तिने केलेल्या बाकावर एकदा बसलं की उठावंसं वाटत नाही, हेही खरं. उगाच खोटं कशाला बोला.

तिच्या कल्पना यायच्या कुठून, तर प्रवासातून. तिचा नवरा लवकर गेला आणि माझ्या नवऱ्याला, म्हणजे तिच्या भावाला, घराबाहेर पडायचं म्हटलं की कपाळावर आठ्या. तेव्हा आम्ही दोघीच जायचो. लोक प्रवासात डोंगर बघतात, समुद्र बघतात. ही बाई उंबरे बघायची. जिने, झरोके, खांबांमधली अंतरं. एका शाळेच्या व्हरांड्यात खिडक्यांखाली भिंतीतच केलेले बाक होते; तेच पुढे एका दातांच्या दवाखान्यात आले आणि तिथे वाट बघणारे लोक दात दुखायचे विसरून झोपा काढू लागले. धान्याच्या एका जुन्या कोठारात उजेड वरून तिरपा पडायचा. तो तिने कुणाच्या तरी स्वयंपाकघरात आणून सोडला. हे सगळं मोजायला वेळ लागतो, आणि परक्या इमारतीत म्हातारी बाई भिंतीवर हात टेकत फिरायला लागली की राखणदार हटकतो. म्हणून माझं काम राखणदाराला बोलण्यात गुंतवणं. त्या कोठारात मी पहारेकऱ्याला त्याच्या गुडघ्यांबद्दल विचारलं आणि दुपार संपली. अजून कधी कधी वाटतं, त्याने तेल लावलं असेल का.

तिचा एक नियम होता आणि त्या नियमावर ती हटून बसायची. उचलायचं तर अख्खं उचलायचं. एकदा एका गिऱ्हाइकाने हट्टाने जिन्याच्या वळणावरची रुंद पायरी काढायला लावली, जागा खाते म्हणून. जिना झाला, दिसायला देखणा, पण घरातला प्रत्येक माणूस त्या वळणावर ठेचकाळायचा. तेव्हापासून तिचं ठरलं, की जो भाग आपल्याला उगाच वाटतो तोच बहुतेक काम करत असतो. तो कशासाठी आहे हे कळलं नाही, तरी घ्यायचा.

मग तिचे डोळे गेले. एकदम नाही; काचबिंदू चोरपावलांनी येतो. आधी कडा गेल्या, मग नळीतून बघावं तेवढंच उरलं, आणि नळीही दिवसेंदिवस अरुंद व्हायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही.

तिचा मुलगा लांबच्या शहरात असतो. विमा कंपनीसाठी अपघातांची पाहणी करतो. कोण कुठे कसं पडलं, का पडलं, भिंतीवरचे ओरखडे काय सांगतात, हेच त्याचं काम. अशा माणसाला आंधळी होत चाललेली आई एकटी राहते हे कसं चालावं? त्याने स्वतःच्या घरात तिच्यासाठी खोली तयार ठेवली.

"पांढरं कपाट आहे वहिनी त्या खोलीत," वीतबाई मला फोनवर म्हणाली. आवाज असा, की कपाटात मेलेला उंदीर असावा. "लॅमिनेटचं. आणि पलंगाला कोपरे आहेत. धारदार."

"मुलगा प्रेमाने म्हणतोय."

"प्रेम आहे गं. माप नाही."

शेवटी दोघांत ठरलं. तिने आपला फ्लॅट स्वतःला हवा तसा करून घ्यावा. तो येऊन बघेल. घरात ती न धडपडता वावरली तर राहू दे. नाहीतर बॅग भरायची.

त्या वर्षी आम्ही शेवटचा प्रवास केला. तिला अजून थोडं दिसत होतं, तेवढ्यात असं घर शोधायचं होतं जे डोळ्यांशिवाय चालेल. एका उतारावरच्या गावात ते सापडलं. सापडलं म्हणजे, पावसाने गाठलं म्हणून एका घरात शिरलो; बाहेर पाटी होती, की घर आतून बघता येईल. चाव्यांचा जुडगा घेऊन एक बाई बसली होती, विणत. घरात गर्दी म्हणजे आम्ही दोघी.

वीतबाई उंबऱ्याच्या आत गेली आणि थबकली. मग तिने हात बाजूला केला, न बघता, आणि तो बरोबर एका फळीवर पडला. पुढे दोन पावलं, दुसरा हात. खिडकीची कड कोपराखाली. ती वळली. तिचा चेहरा मला ठाऊक आहे, पण असा नव्हता पाहिला कधी.

"वहिनी, डोळे मिटते. तू काही बोलू नकोस."

आणि ती ते अख्खं घर डोळे मिटून हिंडली. परकं घर, आयुष्यात पहिल्यांदा पाय ठेवलेलं. पायऱ्या उतरली, वळली, कपाट उघडलं, लावलं, खाली बसली आणि बाक बरोबर तिथे होता जिथे ती बसली. ज्या घराचं एकही माप तिने घेतलं नव्हतं, ते पायापासून बोटापर्यंत तिच्या मापाचं होतं. माझ्या अंगावर काटा आला, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

मी चावीवालीकडे गेले. सवय.

"कुणाचं हो हे घर?"

"एक बाई राहायची. स्वतःच बांधून घेतलं. एकटी राहायची, शेवटपर्यंत."

"आंधळी होती का?"

"छे हो! म्हातारपणीसुद्धा सुईत दोरा ओवायची म्हणतात."

"मग ती खोबण कशाला?"

कारण त्या घरात एक गोष्ट होती जी मला खटकली होती. बाहेरच्या खोलीतून निजायच्या खोलीकडे जाणारा पॅसेज चिंचोळा होता, आणि मध्येच एका बाजूची भिंत आत घेतली होती. जमिनीपासून वरपर्यंत. फळ्या नाहीत, खुंट्या नाहीत. माणूस पाठ टेकून, अंग चोरून उभा राहील एवढीच खोबण. समोरून कुणी आलं तर वाट द्यायला असावी तशी.

"सगळे विचारतात," चावीवाली टाके मोजत म्हणाली. "पण एकट्या बाईच्या घरात समोरून कोण येणार?"

मी पॅसेजमध्ये परत गेले तेव्हा वीतबाई त्या खोबणीत उभी होती. चपखल. तिचा एक हात समोरच्या भिंतीवर, बराच वर, टेकलेला.

"काय आहे तिथे?"

"काही नाही. गुळगुळीत आहे."

घरी आल्यावर काम सुरू झालं. तिच्या डोक्यात माप पक्कं, हातात पक्कं. जुन्या सुताराला बोलावलं, गवंडी लावला, आणि फ्लॅटच्या पोटात ते दुसरं घर उतरायला लागलं. खोबणीपाशी गाडं अडलं, कारण तिच्यासाठी न्हाणीघराचा तुकडा कापावा लागणार होता.

"बाई, भिंत आत घेतोच आहे तर फडताळ करून देतो," सुतार म्हणाला. "जागा फुकट जातेय."

"नको. रिकामी ठेव."

"रिकामी कशाला?"

"तशीच होती म्हणून."

मी मध्ये पडले. म्हटलं, वन्सं, आता तुम्हाला घर स्वतःपुरतं करायचंय, ही खोबण त्या बाईची असेल, तिला असतील हजार कारणं. मी तिला वन्सं आणि अहो-जाहो फक्त चिडले की करते. ती म्हणाली, "जिन्याची पायरी आठवते ना?" संपलं. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा भिंतीशी घालावा.

घर झालं आणि खरंच सांगते, चमत्कार होता. तोवर तिला उजेड-अंधार एवढंच कळत होतं, पण घरात ती अशी वावरायची की नवख्या माणसाला कळू नये. चहा ओतताना थेंब सांडत नसे. माझं घर दोन गल्ल्या सोडून. मी रोज दुपारी जायची. आता मीही एकटीच, तिचा भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली.

अशाच एका दुपारी पहिल्यांदा लक्षात आलं. घड्या घातलेले कपडे घेऊन ती पॅसेजमधून निजायच्या खोलीकडे निघाली होती. मध्ये आल्यावर ती सहज, जशी तुम्ही-आम्ही दारातली चप्पल चुकवतो तशी, त्या खोबणीत शिरली. कपडे छातीशी धरले. हनुवटी जरा बाजूला केली. क्षणभर थांबली आणि पुढे गेली.

"दम लागला का गं?"

"नाही."

"मग थांबलीस कशाला?"

"तिथे थांबायचं असतं."

"कुणी सांगितलं?"

"भिंतीने," ती म्हणाली आणि हसली. मीही हसले. विनोद होता असं मी ठरवलं.

पण मग मला ते दिसायलाच लागलं. दर वेळी थांबायची असंही नाही. कधी सरळ निघून जायची, कधी थांबायची. म्हणजे सवय नव्हे. सवय असती तर दर वेळी झाली असती. तर्कशास्त्र कुठे ना कुठे नडतंच.

आणि त्यानंतर भिंत. खोबणीच्या समोरच्या भिंतीवर, नव्या रंगावर, एक डाग उमटायला लागला. आधी नुसता मंद, मग तुळतुळीत. माझ्या कानाच्याही वर. मी रंगाऱ्याला बोलावलं, त्याने हात मारून दिला. काही आठवड्यांत डाग परत आला.

"आजी, इथून उंच माणसाचं येणं-जाणं फार आहे का?" रंगाऱ्याने विचारलं. "खांदा घासल्यासारखं दिसतंय."

कामवाली बुटकी आहे. शेजारीण माझ्याएवढी. मुलगा घर झाल्यापासून आला नव्हता. मी रंगाऱ्याला म्हटलं, तुमचाच रंग हलका असेल, आणि तो बिचारा रागावून गेला.

वीतबाईला मी सांगितलं नाही. तिला दिसत नव्हतं, मग सांगून काय साधणार होतं? मी भूतखेत मानत नाही. पण मुलगा येणार होता, आणि भिंतीवरचे डाग वाचून पोट भरणाऱ्या माणसासमोर तो डाग नको होता. तो यायच्या दिवशी सकाळीच मी घरून एक मोठं चित्र घेऊन गेले, बोटींचं, आणि खिळा ठोकायला लागले.

"काय ठोकतेस?" वीतबाई बाहेरच्या खोलीतून आली.

"चित्र लावतेय."

"आंधळीला चित्र?"

"तुझ्या लेकाला."

ती जवळ आली. हात वर केला, आणि तळवा थेट त्या डागावर ठेवला. चाचपडली नाही.

"ह्याच्यासाठी ना?"

माझ्या हातातला हातोडा तसाच राहिला.

"तुला ठाऊक होतं?"

"त्या घरातही इथेच होता. माझ्या खांद्यापासून एक वीत वर. मोजला होता की मी."

"आणि तरीही बांधलंस?"

"अर्धं उचलत नाही मी, वहिनी."

मी तिथेच स्टुलावर बसले. विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "कोण आहे?"

"मला काय माहीत? मी विचारत नाही, ते सांगत नाही. वाट दिली की जातं. जाताना गालाला वारा लागतो."

"कुठे जातं?"

"आतून बाहेर. खोलीतून इकडे. कायम तसंच. बाहेरून आत कधीच नाही."

"मग परत आत येतं कुठून?"

तिने तळवा डागावरून एकदा फिरवला. मग म्हणाली, "हा प्रश्न मलाही कधी कधी पडतो."

"आणि नाही दिली वाट तर?"

"एकदा नव्हती दिली. म्हटलं, माझं घर आहे. तर तेही थांबलं. समोरासमोर. धक्का नाही, आवाज नाही, काही नाही. पॅसेजमधलं ऊन माझ्या पायावरून सरकून गेलं, तरी उभं." तिने हात खाली घेतला. "मीच हरले. चांगलं वळण आहे त्याला, पण घाई कसली तरी आहे. चित्र काढ ते. मला आडवं येईल."

मी खिळा काढला.

मुलगा दुपारी आला. आल्या आल्या त्याने बूट मुद्दाम वाटेत काढले, मी बघितलं.

"बूट उचल रे," वीतबाई दारातूनच म्हणाली. "चामड्याचा वास मधून येतोय. आणि आईची परीक्षा घ्यायची तर सांगून घे."

तो ओशाळला. मग ती त्याला घर दाखवत फिरली, चहा केला, कप त्याच्या हातात दिला. मला वाटलं, जिंकलो. त्याच्या चेहऱ्यावरून त्यालाही तसंच वाटत होतं. शाल आणते म्हणून ती पॅसेजमधून निघाली आणि तो सहज मागे गेला. मध्ये ती खोबणीत शिरली. हनुवटी बाजूला केली.

"आई, का थांबलीस?"

"जाऊ दे ना त्याला."

"कुणाला?"

तिने जीभ चावली, पण शब्द गेला तो गेलाच. तो तिथे उभा राहून भिंतींकडे बघायला लागला. मग त्याने डागावरून बोट फिरवलं.

"मामी, हे कुणाच्या खांद्याचं आहे?"

"कपाट नेलं होतं रे मध्ये."

"कपाट ओरखडतं, मामी. हे माणसाचं आहे. शाळांमधून, इस्पितळांमधून असतं असं, आणि ते व्हायला खूप वर्षं लागतात. हे घर कालपरवाचं." त्याचा आवाज चढला. "कोण येतं इथे? आई, कुणाशी बोलतेस तू दिवसभर?"

"बोलत नाही. तेवढी ओळख नाही."

हा विनोद त्या घडीला करायला नको होता. तो पांढराफटक पडला. म्हणाला, बास, मी बॅग भरतो, तू आज माझ्याबरोबर येतेयस. आणि ताडताड आत गेला.

आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत बसलो. वीतबाईने हात मांडीवर ठेवले होते आणि बोटं ताणून वीत करत होती, मिटत होती. मी तिला इतकी लहान झालेली कधी पाहिली नव्हती. आत माळ्यावरून बॅग ओढल्याचा आवाज आला. कपाट उघडलं, लागलं. मग त्याची पावलं पॅसेजमध्ये आली, बॅगेची चाकं खडखडत.

पावलं थांबली.

चाकं थांबली.

"अं?" तो म्हणाला. मागे वळून कुणाला तरी म्हणावं तसं. मग पोकळ आवाजात, "हो, हो... या ना."

भिंतीवर कापड घासल्याचा आवाज झाला. वीतबाईने आपले पाय खुर्चीखाली ओढून घेतले, गाडीत कुणी समोरून जाताना घेतो तसे. तिने मला काही सांगितलं नाही. मीही पाय आत घेतले. चहाच्या कपावर साय धरली होती, ती हलली, एका बाजूला गोळा झाली, आणि परत स्थिर झाली.

तो बाहेर आला तेव्हा बॅग छातीशी कवटाळलेली होती. पाठीला, दोन्ही खांद्यांना चुना. ती खोबण त्याच्या मापाची नाही, कशीबशी मावला असेल.

"मागून कुणीतरी..." तो म्हणाला. "घाईत होतं."

"असतं," वीतबाई म्हणाली. "बस. पाणी पी."

तो बसला. पाहणी करणारा माणूस. दाराकडे बघितलं, कडी आतून लावलेली होती, तीही बघितली. मग लहानपणी विचारायचा तसं त्याने विचारलं, "तू पडत नाहीस ना इथे, आई?"

"नाही."

"आणि ते काही..."

"वाट मागतं. दुसरं काही नाही. तुझ्या पलंगाच्या कोपऱ्यांची मला जास्त भीती वाटते."

त्याने तोंडावरून हात फिरवला. "एकटीला नाही सोडणार मी इथे. ते काहीही असो. मामी राहत असेल सोबत तर राहा. नाहीतर बॅग भरलेलीच आहे."

दोघांची तोंडं माझ्याकडे. एकाला दिसत होतं, एकीला नाही, पण बघत दोघंही सारखेच होते. मी माझं घर, माझी पुस्तकं, माझा रुंद सरळ पॅसेज, सगळं आठवून घेतलं. मग ते पांढरं कपाट आठवलं, आणि त्यासमोर हात मांडीवर ठेवून बसलेली ही.

"तुझ्या मापाच्या घरात मला सगळंच उंच-सखल होणार," मी म्हटलं. "पाठ दुखली की तुझ्या नावाने ओरडणार."

"ओरड की."

मुलगा संध्याकाळच्या आत गेला. बॅग आत नेऊन ठेव म्हटलं तर म्हणाला, राहू दे इथेच. अजून तिथेच आहे. आता फोनवर तो तिला तब्येत विचारतो, मला फक्त एवढंच विचारतो, "मामी, डाग वाढला का?" मी म्हणते, भिंतीला काय धाड भरलीय.

मी राहायला आले. पुन्हा सांगते, मी काही मानत नाही. पण काल वीतबाई आतून येत होती आणि मी बाहेरून जात होते, आणि पॅसेजच्या मध्यावर आम्हा दोघींना एकदमच थांबावंसं वाटलं. खोबण एक. तिच्यात वीतबाई मावते, मी उरते. मी भिंतीला चिकटून, श्वास आत ओढून उभी राहिले. या वयात पोट किती आत जाणार? गालाला वारा लागला. थंड नव्हता. कुणीतरी फार लांबून चालत आल्यासारखा, जरासा गरम.

"लागलं का तुला?" वीतबाईने विचारलं.

"नाही. पण हे असं रोज चालणार नाही."

आज सकाळी तिने मला भिंतीपाशी उभं केलं आणि मोजलं. खांद्यापासून खांद्यापर्यंत, टाचेपासून डोक्यापर्यंत, विती टाकत. बोटं थरथरतात आता तिची, पण माप चुकत नाही. सुताराला निरोप गेला आहे. तो विचारणारच, आणखी एक खोबण कशाला, फडताळ करून देऊ का?

मी सांगणार आहे, नको. रिकामी ठेव. आणि जरा सैल ठेव, मी जाड आहे.